धोंड्याच्या महिन्यातली सायकल

धोंड्याच्या महिन्यात मी सासुरवाडीला सायकलवर गेलो.

या वाक्यात ज्यांना काही वावगं दिसलं नाही, ते आमच्या बीडकडचे नाहीत. आमच्याकडचा माणूस एवढं ऐकूनच कपाळावर हात मारतो आणि विचारतो, ‘कावून?’, म्हणजे ‘का बुवा?’ तीनेक वर्षांनी एकदा पंचांगात जास्तीचा महिना येतो, त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. या महिन्यात जावयाला मानानं जेवायला बोलावतात. त्याच्या पायावर पाणी घालतात, नवे कपडे करतात, पुरण भरलेले धोंडे त्याच्या ताटात वाढून वर तुपाची धार धरतात, आणि शेवटी तेहतीस धोंड्यांचं वाण तबकात ठेवून, दिवा लावून त्याच्या हातात देतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून जावयाची जी किंमत उतरत जाते, ती अधूनमधून अशी सावरून घ्यायची पद्धत आहे. जावयाकडून बदल्यात एकच अपेक्षा असते. त्यानं ऐटीत यायचं. चारचाकी असेल तर चारचाकीत, नसेल तर कुणाची तरी मागून आणायची. माझ्याकडे स्वतःची होती. ती मी बीडला दारात उभी करून निघालो.

आता हे सुचलं कसं ते सांगतो. चाळिशी उलटली की आमच्याकडचा माणूस एक तर राजकारणात पडतो, नाही तर देवाधर्माला लागतो. मला दोन्ही झेपण्यातलं नव्हतं, म्हणून मी गिअरची सायकल घेतली. सायकल घेतल्यावर ती चालवण्याऐवजी रोज रात्री अंथरुणात पडून सायकलींचे व्हिडिओ बघू लागलो. कुठल्याशा परदेशातली माणसं सपाट मुलखातून रमतगमत चाललेली असत. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला हिरवी कुरणं, मधून बदकं पळतायत, आणि कुणालाच कुठंही पोचायची घाई नाही. मला वाटे, आपला जन्म यासाठीच आहे, फक्त पत्ता चुकला.

बीडला समुद्र नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पण नकाशावर बोट फिरवताना गेवराई तालुक्याची वरची कड दिसली आणि डोक्यात दिवा लागला. तिथं गोदावरी आहे, जिला तिकडची माणसं गंगाच म्हणतात. नदीत बंधाऱ्याचा फुगवटा आहे. वरच्या अंगाला कालवा आहे, आणि मधल्या पट्ट्यात कालवा पाझरून चिबड झालेली रानं आहेत, ज्यांत पिकापेक्षा पाणकणीसच जोमानं येतं. चढ नाही, उतार नाही. आणि या सगळ्याच्या पलीकडं उमापूर, म्हणजे माझी सासुरवाडी. तीच खाडी, तीच कुरणं. बदकांच्या जागी बगळे चालवून घ्यायचे.

बायको चार दिवस आधीच माहेरी गेलेली. निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

“उद्या धाकटीला बघून गेलेली माणसं पण जेवायला येणारेत,” ती म्हणाली. “मुलगी पसंत आहे म्हणालेत, पण शब्द दिलेला नाही. थोरला जावई कसा आहे, घर कसल्या माणसांत मुली देतं, ते त्यांना बघायचंय. तुम्ही फक्त नीट या.”

“नीट म्हणजे?”

“माणसासारखे.”

यातलं गांभीर्य मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या मेव्हणीनं आधीची दोन स्थळं बघितल्या बघितल्या नाकारली होती. या वेळी पहिल्यांदा तिनं आपण होऊन आईला सांगितलं होतं की मुलगा बरा वाटतो. तिच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे फारच झालं. घरात सगळे श्वास धरून बसले होते. मी बायकोला ‘हो’ म्हणालो. सायकलीचं बोललो नाही. सगळ्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता.

रात्री गेवराईत मित्राकडं मुक्काम केला आणि उजाडताना निघालो. सरळ डांबरी रस्त्यानं गेलो असतो तर चहाच्या वेळेला पोचलो असतो. पण सरळ जायला सायकल कशाला हवी? मी कालव्याच्या भरावावर चढलो.

आणि खरं सांगतो, पहिला तास तसाच गेला जसा व्हिडिओत जातो. कालवा काठोकाठ होता. पाण्याच्या कडेनं बेशरमीची जांभळी फुलं. खाली चिबडात गुडघाभर पाण्यात लांब बाकदार चोचींच्या काळ्या शराटी ओळीनं चालत होत्या, हरवलेली वस्तू शोधत असल्यासारख्या. एक पाणकावळा खांबावर पंख वाळत घालून बसला होता. टिटव्या उगीच आरडाओरडा करत होत्या. मी इतका सावकाश चालवत होतो की भरावावरच्या एका म्हशीनं मला मागं टाकलं. मी स्वतःशीच म्हणालो, पोचण्यापेक्षा जाणं महत्त्वाचं. असली वाक्यं मला सायकलवरच सुचतात. खाली उतरल्यावर ती कुणाला ऐकवायची सोय नसते.

कालव्यावरून गंगेकडं एक पायवाट उतरत होती. खाली फुगवट्याचं पाणी चमकत होतं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर लिहितो आहे की काळी मृदा पाणी धरून ठेवते आणि ओली झाल्यावर चिकट होते. परीक्षेत त्याला दोन गुण असतात. ते वाक्य मनात घोळवत मी उतरलो.

शंभरेक पावलांवर मागचं चाक फिरायचं थांबलं. उतरून बघतो तर चाक आणि मडगार्डच्या मधे मातीचा असा गच्च लगदा, की चाक आहे की दळायचं जातं ते कळेना. काडीनं माती उकरावी, दोन ढांगा जावं, पुन्हा तेच. मग पुढचं चाकही अडलं. शेवटी मी सायकल खांद्यावर घेतली. व्हिडिओत हा भाग कधी दाखवत नाहीत. एका ठिकाणी माझा उजवा सँडल चिखलात राहिला. मी पाय बाहेर काढला, सँडल आत. हात घालून शोधला, तर हाताला दुसऱ्याच कुणाचा तरी जुना सँडल लागला. म्हणजे माझ्या आधीही इथं कुणीतरी रमतगमत आलं होतं.

डांबरी रस्ता लागला तेव्हा ऊन चांगलंच चढलेलं. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि काडीनं सायकल कोरायला लागलो. अंगात सायकलवाल्यांची ती घट्ट, बुडाला गादी शिवलेली अर्धी चड्डी. डोक्याला जाळीदार हेल्मेट. गुडघ्यापर्यंत काळा. एक पाय अनवाणी.

तेवढ्यात एक पांढरी मोठी गाडी आली, पुढं गेली, आणि मागं येऊन थांबली. काच खाली झाली. पुढं टोपीवाले एक गृहस्थ बसले होते.

“काय झालं ओ? पडलाव का?”

“नाही नाही. चिखल काढतोय.”

“निघालाव कुठं?”

“उमापूरला.”

“आमीबी तिकडंच चाललोत. टाका की सायकल मागं, आन् बसा.”

देव माणसाला संधी देतो ती अशी. मी म्हणालो, “नको, धन्यवाद. मी मुद्दामच सायकलवर निघालोय. सावकाश. मजा म्हणून.”

“मजा?” गृहस्थांनी माझ्या पायांकडं बघितलं.

मागच्या सीटवरून एक आजी पुढं झुकल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नजर वकिलाची. “काय म्हंतंय ते?”

“मजा करायलोय म्हंतंय, आई.”

“कुनाचा हाय?”

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. वाटसरू आहे, वेडा आहे, मुका आहे, काहीही चाललं असतं. पण सासऱ्यांचं नाव त्या भागात वजनदार. गावचे माजी सरपंच. त्या नावानं आपली इज्जत जरा वर येईल अशा हिशेबानं मी ते छाती काढून सांगितलं, आणि पुढं जोडलं, “त्यांचा थोरला जावई.”

काच वर गेली. गाडी सुटताना मला मागच्या काचेतून दिसलं की आजींच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण मान खाली घालून बसलाय, आणि त्याच्या मांडीवर मिठाईचे खोके आहेत.

मग मी सायकल मारली. आयुष्यात एवढ्या वेगानं मी ना त्याआधी सायकल मारली, ना नंतर.

उमापुरात दिवाळीनंतर गेलं तर अर्ध्या घरांना कुलपं असतात. माणसं ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात. तेव्हा गावातून उघडा गेलो असतो तरी दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं एवढ्यांनीच बघितलं असतं. पण धोंड्याचा महिना पडला भर पावसाळ्यात. गाव गच्च भरलेलं. प्रत्येक ओट्यावर माणसं.

“अय, सरपंचाचं जावाई का रं ते?”

“तेच की. मागच्या खेपंला गाडीत आलतं.”

“कावून ओ पावनं, गाडी इकली का?”

“इकली आसंल. नोकरी गेली म्हनं.”

“कुनी सांगितलं बे?”

“सांगायला कशाला पायजे? पाय बग की त्याचे.”

मी हसून हात हलवत गेलो. बुडालेला माणूस असाच हसतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढच्या दारात ती पांढरी गाडी उभी. मी मागच्या बोळात वळलो. न्हाणीच्या दाराशी मेव्हणी उभीच होती, नवी साडी, डोळ्यांत अंगार. आधी तिनं माझ्या अंगावर टॉवेल फेकला.

“दाजी, हे गुंडाळा. आन् नीट ऐका. तुमाला शुगर हाय.”

“मला?”

“हां. आर्ध्या तासापासनं.”

मग तिनं भराभर सांगितलं. पाहुण्यांनी आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला, तुमचे थोरले जावई रस्त्यात सायकल घेऊन चिखलात बसलेत, काय अडचण आली का त्यांच्यावर? सासऱ्यांनी आधी उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, अडचण कसली, डॉक्टरनं सायकल सांगितलीय. शुगर निघाली.

“पण आजार सांगितला तर स्थळ बिथरणार नाही का?”

“आबा म्हनले, जावयाची शुगर आपल्या रक्तात येत न्हाई. जावयाचं दिवाळं मातर सगळ्या घराला चिकटतं.” तिचा आवाज जरा ओला झाला. “दाजी, आजच्या दिवस. मला तो आवडलाय ओ.”

मी म्हणालो, “मग आहे मला शुगर. वाटेल तेवढी आहे.” त्या घडीला मला फार उदात्त वाटलं. आज जेवायला काय आहे ते मी विसरलो होतो.

पाय धुण्याचा मान पुढच्या अंगणात पाहुण्यांसमोर झाला. सासरे तांब्यानं पाणी घालतात आणि सासूबाई हातानं पाय पुसल्यासारखं करतात, असा तो सोहळा. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पाणी घातलं, मामींनी हात फिरवला, माती हलेना. पुन्हा पाणी. मग मामी आत गेल्या आणि भांडी घासायचा काथ्या घेऊन आल्या. जावयाचे पाय काथ्यानं घासल्याचा प्रसंग गावात पहिलाच असावा. कुंपणावरून बघायला शेजारी आले. मामांनी हळूच माझ्या कानाशी तोंड आणलं. “जावाईबापू, गाडी चोरीला गेली असती तरी चाललं असतं.”

पंगत बसली. पाहुणे एका ओळीत, मी आणि मामा समोरच्या ओळीत. बायको वाढायला आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती रागावली की मला कळतं. ती रागावली नव्हती. ती हसू दाबत होती, आणि ते जास्त वाईट होतं. तिनं पाहुण्यांच्या ताटात धोंडे वाढले, गरम, टपोरे, वर तुपाची धार. पुरणाचा जायफळ-वेलदोड्याचा वास माझ्यापर्यंत आला. मग माझ्यासमोर आली आणि बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि वाटीभर ताक ठेवलं.

“तुम्हाला चालत नाही ना,” ती मोठ्यानं म्हणाली.

सकाळपासून पोटात मित्राकडच्या दोन टोस्टांशिवाय काही नव्हतं. मी शेपूकडं बघितलं. समोर टोपीवाले गृहस्थ पहिला धोंडा फोडत होते. आतून वाफ आली.

“कारल्याचा रस घ्या रोज,” ते माझ्याकडं बघून कळवळून म्हणाले. “आमच्या साडूला लई फरक पडला.”

“घेतो,” मी म्हणालो.

“जांभळाच्या बियाची पूड?”

“तीही घेतो.”

आजींनी एक धोंडा संपवून दुसऱ्याला हात घातला. “आई, बास की आता,” गृहस्थ म्हणाले. आजींनी ऐकलं नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या.

“किती हाय शुगर?”

“बरीच,” मी म्हणालो.

“जेवायच्या आदी का मंग?”

“दोन्ही वेळेला.”

“गोळी कंची घेतूस?”

मी बायकोकडं बघितलं. ती पाणी आणायला आत गेली होती. मी मामांकडं बघितलं. ते नवऱ्या मुलाच्या ताटात आग्रहानं तूप घालत होते. “पिवळी,” मी म्हणालो.

“पिवळी?”

“सकाळी पिवळी. संध्याकाळी दुसरी.”

आजींनी मान हलवली आणि तुपात बोट बुडवून चाटलं. मला त्या मान हलवण्याचा अर्थ लागला नाही. दारामागं उभ्या मेव्हणीलाही लागला नसावा, कारण तिच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या एकदम थांबल्या.

जेवणं झाली आणि वाणाची वेळ आली. पितळी तबकात तेहतीस धोंडे रचलेले, मधे दिवा. मामी माझ्यापुढं आल्या आणि थबकल्या. वाण जावयाचंच असतं. ते त्याच्या हाती गेलंच पाहिजे. पण शुगरवाल्या माणसाच्या हाती पाहुण्यांसमोर तेहतीस धोंडे ठेवायचे कसे? मी दोन्ही हात पुढं करून तयार होतो. मनातल्या मनात मी सायकलच्या पिशवीत त्यांची मांडणीही केली होती. परतीच्या वाटेवर कालव्याच्या भरावावर बसून, शराटींच्या साक्षीनं, एकेक.

मामा घसा खाकरून म्हणाले, “ह्यांच्या हाताला नुसतं लावून परत घेऊ, काय?”

टोपीवाल्यांनी आईकडं बघितलं. आजींनी माझ्याकडं बघितलं, मग आपल्या नातवाकडं, मग दारामागच्या साडीच्या काठाकडं.

“त्येला चालत न्हाई तर आमच्याला द्या की,” आजी म्हणाल्या. “आता जावाईच हाय तोबी.”

हाच तो शब्द, ज्याची घर इतके दिवस वाट बघत होतं. मामांनी डोळे टिपायला उपरण्याचं टोक शोधलं. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मी तबक हातात घेतलं, क्षणभर, गरम होतं ते, आणि माझ्या हातानं त्या इस्त्रीच्या शर्टाच्या हातात दिलं. पोरगा लाजून लाल झाला. पण तबक त्यानं घट्ट धरलं, ते माझ्या लक्षात आहे.

मग मिठाईचे खोके फुटले, पेढे वाटले. मला वगळून.

पाहुणे निघाले तेव्हा सगळं घर गाडीपर्यंत गेलं. तबकातले धोंडे डब्यात भरून मागच्या सीटवर ठेवलेले मी बघितले. माझी सायकल भिंतीला टेकून उभी होती, वाळलेल्या मातीनं पांढुरकी झालेली. रीतीप्रमाणे मी आजींच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो उचललाच नाही. वाकलेलंच ठेवलं मला. आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“शुगर मला हाय, पोरा, लई वरसांपासनं. पिवळी गोळी म्या जलमात बगितली न्हाई. आन् शुगरचा मानूस दुसऱ्याच्या ताटाकडं येवढा टक लावून बसत न्हाई, सरळ हात घालतो.”

मामांचा चेहरा पडला. बायकोनं पदर तोंडाला लावला. मेव्हणी दारात तशीच खिळून उभी राहिली.

“सकाळी मला वाटलं, घर बुडालं ह्येंचं. तसं काय न्हाई. तू आजारी न्हाईस, बुडालेलाबी न्हाईस.” आजींनी माझ्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या आणि गाडीत बसता बसता म्हणाल्या, “निस्ता येडा हायेस. असू दे, आमच्या सोयऱ्यांत तेवढाच एक कमी होता.”